दोन चित्रे एकाच जागी, पण मेंदू एकाचीच बाजू घेतो : लक्ष, चेहरे आणि वस्तू

पार्कचौक

पारदर्शक कागदावर काढलेला एक चेहरा आणि तशाच कागदावर काढलेले एक घर, अशी दोन चित्रे एकमेकांवर अचूक बसवलेली आहेत असे समजा. दोन्हींचा आकार सारखा, जागा एकच, आणि दोन्हींचा प्रकाश दृष्टिपटलावर एकाच ठिकाणी पडतो आहे. पाहणाऱ्याला चेहऱ्याकडे लक्ष द्यायला सांगितले की मेंदूचा एक विशिष्ट भाग अधिक जोमाने काम करू लागतो. घराकडे लक्ष द्यायला सांगितले की त्या भागाचा जोर ओसरतो आणि दुसऱ्याच भागाचा वाढतो. डोळ्यांपर्यंत पोहोचलेल्या प्रकाशात तसूभरही फरक पडलेला नाही. पाहणाऱ्याने काय पाहायचे ठरवले, एवढाच फरक आहे.

मी मानसशास्त्र शिकवतो, आणि हा विषय वर्गाबाहेरही बोलला जावा असे मला फार वाटते. 'तुझे लक्ष नव्हते' हे वाक्य आपण मुलांना, कामगारांना, गाडी चालवणाऱ्यांना एखाद्या दोषारोपासारखे ऐकवतो. लक्ष देणे म्हणजे मेंदूत नेमके काय होते, याचा विचार मात्र त्या वाक्यामागे नसतो. गेल्या काही दशकांत या प्रश्नाची बरीच ठोस उत्तरे मिळाली आहेत.

१९९७ मध्ये नॅन्सी कॅनविशर, जोश मॅक्डरमॉट आणि मार्विन चुन यांनी मेंदूतल्या रक्तपुरवठ्याचे बदल टिपणाऱ्या एफएमआरआय तंत्राने दाखवले की मेंदूच्या तळाकडच्या बाजूला, फ्युझिफॉर्म नावाच्या घडीत, एक लहानसा भाग चेहरे पाहताना इतर वस्तूंच्या मानाने कितीतरी अधिक सक्रिय होतो. बहुतेक माणसांत तो उजव्या बाजूला अधिक ठळक असतो. पुढच्याच वर्षी रसेल एपस्टीन आणि कॅनविशर यांनी घरे, रस्ते, खोल्या, मोकळी दृश्ये अशा ठिकाणांना प्रतिसाद देणारा जवळचाच दुसरा भाग दाखवला. या लेखनापुरते मी त्यांना चेहराक्षेत्र आणि स्थळक्षेत्र म्हणतो.

१९९९ मध्ये कॅथलीन ओक्रेव्हन, पॉल डाउनिंग आणि कॅनविशर यांनी वर सांगितलेली जोडचित्रे वापरली, आणि त्यांत एक सुंदर भर घातली. प्रत्येक जोडीतले एक चित्र किंचित मागेपुढे हलत होते आणि दुसरे स्थिर होते. काही वेळा लोकांना केवळ हालचालीकडे लक्ष द्यायचे होते. हलते ते घर आहे की चेहरा, याच्याशी त्यांना काहीही कर्तव्य नव्हते. तरीसुद्धा, हलणारे चित्र चेहऱ्याचे असले की चेहराक्षेत्राचा प्रतिसाद वाढत होता आणि घराचे असले की स्थळक्षेत्राचा. एखाद्या वस्तूच्या एका गुणाकडे लक्ष दिले की त्या वस्तूचे बाकीचे गुणही न मागता सोबत येतात, असा याचा अर्थ होतो. लक्ष हे केवळ दृश्यातल्या एखाद्या जागेवर पडत नाही, तर ते अख्खी वस्तू उचलते. त्याच जागेवरची दुसरी वस्तू तेवढीच मागे राहते.

हे कोण घडवून आणते, हा पुढचा प्रश्न. २०१४ मध्ये डॅनियल बाल्डॉफ आणि रॉबर्ट डेसिमोन यांनी चेहरा आणि घर ही जोडचित्रे वेगवेगळ्या लयीत फिकी आणि गडद होत राहतील अशी मांडली, आणि मेंदूतील चुंबकीय बदल मिलिसेकंदांच्या अचूकतेने टिपणारे एमईजी तंत्र वापरले. मेंदूच्या पुढच्या खंडातला एक छोटा प्रदेश, ज्याला कनिष्ठ अग्रसंधी म्हणता येईल, चेहऱ्याकडे लक्ष असताना चेहराक्षेत्राशी ताल जुळवून घेतो आणि घराकडे लक्ष असताना स्थळक्षेत्राशी, असे त्यांना आढळले. या जुळलेल्या तालात पुढचा प्रदेश सुमारे २० मिलिसेकंदांनी आघाडीवर होता. हुकूम पुढून मागे जात असावा, याचा हा चांगला पुरावा आहे.

याची मुळे आणखी मागे जातात. १९८५ मध्ये जेफ्री मोरान आणि डेसिमोन यांनी माकडांच्या दृष्टिकेंद्रातील एकेका चेतापेशीची नोंद घेतली. पेशी दृश्याच्या जेवढ्या भागाला प्रतिसाद देते तेवढ्या टप्प्यात तिला आवडणारी, म्हणजे तिला जोमाने चेतवणारी, आणि न आवडणारी अशा दोन आकृत्या एकाच वेळी ठेवल्या, आणि माकडाचे लक्ष न आवडणाऱ्या आकृतीकडे वळवले, तर समोर आवडती आकृती असूनही पेशीचा प्रतिसाद खाली जात असे. जणू ती आकृती तिथे नाहीच. वस्तू मेंदूत जागेसाठी एकमेकींशी झगडतात आणि लक्ष त्या झगड्यात एकीची बाजू घेते, हा डेसिमोन आणि जॉन डंकन यांनी १९९५ मध्ये मांडलेला सिद्धान्त याच पायावर उभा आहे.

सोलापूरच्या रोजच्या व्यवहारातली उदाहरणे कुणाजवळ असतील तर अवश्य लिहावीत.

प्रश्नचिन्ह

सर, विवेचन उत्तम आहे, पण मला एक मूलभूत शंका आहे. मेंदूच्या छायाचित्रावर रंगीत ठिपका उमटला म्हणजे तो भाग चेहरे ओळखतो, हे कसे सिद्ध होते? एफएमआरआय तर रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण मोजते. एखादा भाग केवळ सोबतीने सक्रिय होत असेल आणि खरे काम दुसरीकडेच चालत असेल, तर?

पार्कचौक

शंका अगदी रास्त आहे, आणि ती या क्षेत्रातल्या संशोधकांनी स्वतःच पुन्हा पुन्हा उपस्थित केली आहे. एफएमआरआय चेतापेशींचे काम थेट मोजत नाही. पेशींचे काम वाढल्यावर काही सेकंदांनी तिथला रक्तपुरवठा वाढतो, तो हे यंत्र टिपते. म्हणूनच २०१४ च्या प्रयोगाला एमईजीची जोड लागली. कार्यकारणभाव सिद्ध करण्यासाठी त्या भागात हस्तक्षेप करून पाहावे लागते, आणि माणसांत तशी संधी क्वचितच येते.

अशी एक संधी अपस्माराच्या शस्त्रक्रियेपूर्वी येते. झटक्याचा उगम शोधण्यासाठी काही रुग्णांच्या मेंदूवर काही दिवस विद्युतअग्रे बसवलेली असतात. स्टॅनफर्डमध्ये जोसेफ पारविझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच एका रुग्णाच्या चेहराक्षेत्रावर अगदी सौम्य विद्युतप्रवाह दिला, आणि ते निरीक्षण २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रवाह चालू असताना समोर बसलेल्या डॉक्टरांचा चेहरा बदलून वेगळाच झाल्याचे रुग्णाने सांगितले. चेहऱ्याव्यतिरिक्तच्या गोष्टी मात्र तशा बदलल्या नाहीत. माकडांत डोरिस त्साओ, विन्रिक फ्रायवाल्ड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एफएमआरआयने चेहऱ्याचा ठिपका शोधला, मग नेमक्या त्याच ठिकाणी सूक्ष्म तार घालून पेशींची नोंद घेतली. तिथल्या ९७ टक्के पेशी चेहऱ्यांना निवडक प्रतिसाद देणाऱ्या निघाल्या. त्यामुळे ठिपका निव्वळ सोबतीचा आहे, हे म्हणणे आता टिकत नाही. मात्र चेहरे ओळखण्याचे सारे काम त्या एकाच ठिपक्यात होते, असेही कुणी म्हणू नये. तो एका जाळ्याचा भाग आहे.

विजापूरवेस

चेहरे तर आपोआपच नजर वेधून घेतात. होम मैदानावर गड्ड्याच्या यात्रेत चालताना पाळणे, दुकाने, दिव्यांच्या माळा सगळे असूनही माझी नजर माणसांच्या तोंडांवरच जाते. मग लक्ष चेहऱ्याला घडवते, की चेहरा लक्षाला?

पार्कचौक

दोन्ही दिशांनी हे घडते, आणि या प्रश्नावर एक मोठा वाद झाला. पॅट्रिक व्ह्युलमिए आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये लोकांना एकाच वेळी दोन चेहरे आणि दोन घरे दाखवली. एक जोडी उभी मांडलेली, दुसरी आडवी. लोकांनी केवळ एका जोडीकडे लक्ष द्यायचे. चेहऱ्यांकडे लक्ष नसताना चेहराक्षेत्राचा प्रतिसाद घटला, हे अपेक्षितच होते. परंतु चेहऱ्यावर भीती असली तर अमिग्डला हा भावनांशी निगडित भाग लक्ष असो वा नसो, सारखाच प्रतिसाद देत राहिला. यावरून भेदरलेल्या चेहऱ्याला लक्षाच्या परवान्याची गरज नाही, असा निष्कर्ष अनेकांनी काढला.

पुढच्याच वर्षी लुईझ पेसोआ, लेस्ली उंगरलायडर आणि सहकाऱ्यांनी तोच प्रश्न अधिक कठोरपणे विचारला. चेहरा मध्यभागी होता, पण लोकांना कडेला दाखवलेल्या रेघांच्या दिशा जुळतात का हे ठरवायचे होते, आणि ते काम मुद्दाम इतके अवघड ठेवले होते की दुसऱ्या कशासाठी लक्ष शिल्लकच राहू नये. तेव्हा अमिग्डलाचा भीतीला मिळणारा विशेष प्रतिसादही नाहीसा झाला.

माझे मत असे आहे की 'आपोआप' हा शब्द इथे जपून वापरावा. यात्रेत आपल्याजवळ मोकळे लक्ष पुष्कळ असते, आणि मोकळे लक्ष चेहरे खेचून घेतात. तेच लक्ष एखाद्या कठीण कामात पूर्ण गुंतले की चेहऱ्यांची ही ताकद बरीच कमी होते.

ताणाबाणा

मी अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत चादरी आणि टॉवेलच्या कारखान्यात माल तपासण्याचे काम पाहते. सरांनी लिहिलेली गोष्ट आमच्याकडे रोज घडते. ताण्याचा तुटलेला धागा शोधायचे ठरवून मी चादर पुढे ओढत असते तेव्हा तो धागा मला दुरूनच दिसतो. पण त्याच चादरीत जकार्डच्या नक्षीतला एक मोर उलटा आला असेल किंवा रंगाची छटा बदलली असेल, तर ते निसटते. म्हणून आमच्या जुन्या मुकादमांनी पद्धत घालून दिली आहे की एकदा धाग्यासाठी पाहायचे आणि एकदा नक्षीसाठी, दोन्ही एका फेरीत करायचे नाही. नव्या मालकांना यात वेळ वाया जातो असे वाटते. याला शास्त्रीय आधार आहे का?

क्षकिरण

ताई, तुमच्या मुकादमांच्या पद्धतीला आधार आहे, आणि तो माझ्या क्षेत्रातून देता येईल. मी क्ष-किरण आणि सीटी स्कॅन वाचण्याचे शिक्षण घेतो आहे. ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा वो आणि जेरेमी वुल्फ यांचा २०१३ चा प्रयोग आम्हा सर्वांना अस्वस्थ करतो. त्यांनी २४ अनुभवी तज्ज्ञांना फुप्फुसांच्या सीटीमध्ये लहान गाठी शोधायला सांगितल्या. शेवटच्या तपासणीतल्या काही प्रतिमांमध्ये त्यांनी गोरिलाचे एक चित्र घातले होते, आणि ते सरासरी गाठीच्या ४८ पट मोठे होते. २४ पैकी २० जणांना ते दिसले नाही. नजरेचा माग घेणाऱ्या यंत्राने दाखवले की न दिसलेल्यांपैकी अनेकांची नजर थेट त्या चित्रावर पडून गेली होती.

माझ्या शिक्षकांनी यावर एक उपाय शिकवला आहे, आणि तो ताईंच्या पद्धतीशी मिळताजुळता आहे. छातीचे एक्सरे वाचताना आम्ही फुप्फुसे, हृदयाची कडा, हाडे, पोटाचा वरचा भाग असे ठरलेल्या क्रमाने, दर वेळी वेगळा हेतू धरून पाहतो. ज्या गोष्टीसाठी तपासणी मागवली आहे ती सापडली की पुढचे पाहणे सैल पडते, हा धोका आमच्या पाठ्यपुस्तकांतही दिलेला असतो.

पार्कचौक

क्षकिरण यांनी दिलेल्या प्रयोगातला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. तज्ज्ञ नसलेल्या सामान्य लोकांनाही त्याच प्रतिमा दाखवल्या होत्या, आणि त्यांच्यापैकी एकालाही गोरिला दिसला नाही. म्हणजे अनुभवाने थोडी मदत झाली, पण शोधाच्या हेतूने घातलेली मर्यादा तो पूर्णपणे ओलांडू शकला नाही.

ताणाबाणा ताईंना माझे सांगणे असे की नव्या मालकांनी ही पद्धत मोडू नये. एका फेरीत एकच शोध ठेवल्याने मेंदूतला झगडा सोपा होतो. धाग्यासाठी पाहताना बारीक, सरळ रेघेला प्रतिसाद देणाऱ्या पेशींना झुकते माप मिळते. तेव्हा नक्षीच्या आकाराला तेवढे माप मिळणे शक्य नसते.

माळरान

नान्नजच्या माळावर पक्षिनिरीक्षणाला जाणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक असते. वाळलेल्या गवतात उभा असलेला माळढोक नवख्या माणसाला बोट दाखवूनही दिसत नाही, आणि तिथल्या वनरक्षकांना तो चालत्या गाडीतून दिसतो. जंगलातील पक्षी किडे कसे शोधतात याचा लुक टिनबर्गन यांचा अभ्यास १९६० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात 'शोधप्रतिमा' ही कल्पना वापरलेली होती. एखाद्या प्रकारचा किडा पुरेसा सापडू लागला की पक्षी त्याचीच प्रतिमा डोक्यात धरून शोधतो आणि त्याला तो अधिक प्रमाणात सापडतो, असे त्यांचे म्हणणे होते.

माझा प्रश्न असा. वनरक्षकाचा मेंदू वर्षानुवर्षांच्या पाहण्याने कायमचा बदललेला असतो, की माळढोक शोधायचा आहे हे मनात असतानाच तो वेगळे काम करतो?

पार्कचौक

या चर्चेत आलेला हा सर्वांत नेमका प्रश्न आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

इझाबेल गोथिए आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये पक्ष्यांचे जाणकार आणि मोटारींचे जाणकार अशा दोन गटांना घेतले. ज्याला ज्याची जाण, ती वस्तू पाहताना त्याच्या चेहराक्षेत्राचा प्रतिसाद वाढला. गोथिए यांचे म्हणणे असे की हा भाग चेहऱ्यांसाठी राखून ठेवलेला नाही. सारख्या दिसणाऱ्या वस्तूंमधला सूक्ष्म भेद ओळखण्याचे कौशल्य जिथे येते तो हा भाग आहे, आणि चेहऱ्यांच्या बाबतीत आपण सगळेच जाणकार असतो. कॅनविशर यांना हे मान्य नाही. जाणकारांतली वाढ लहान असते आणि ती त्या भागापुरती मर्यादितही नसते, असे त्यांचे उत्तर आहे. हा वाद आजही पूर्ण मिटलेला नाही.

आपल्या प्रश्नाला थेट भिडणारे काम आसाफ हरेल, राफाएल मलाख, श्लोमो बेंटिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये केले. मोटारींच्या जाणकारांना मोटारी आणि विमाने दोन्ही दाखवली. मोटारींकडे लक्ष द्यायला सांगितले तेव्हा त्यांच्या मेंदूत, चेहराक्षेत्रापुरता नव्हे तर बऱ्याच विस्तृत प्रदेशात, नवख्यांपेक्षा अधिक प्रतिसाद दिसला. परंतु विमानांकडे लक्ष द्या आणि मोटारींकडे दुर्लक्ष करा, असे सांगितल्यावर मोटारी समोर असूनही तो विशेष प्रतिसाद मोठ्या प्रमाणात मावळला, आणि जाणकाराचा मेंदू नवख्याच्या मेंदूसारखाच वागू लागला.

म्हणून माझे उत्तर असे की वनरक्षकाच्या मेंदूत वर्षांच्या पाहण्याने काही साठलेले नक्कीच असते, पण ते साठलेले कामाला लागण्यासाठी त्या क्षणी त्याला माळढोक हवा असावा लागतो. जाणकाराला पाहण्यात रस असतो, आणि तो रस काढून घेतला तर जाणकारीचा बराचसा भाग त्याच्यासोबत जातो. मला हे फार महत्त्वाचे वाटते, कारण आपण कौशल्याला हातात किंवा डोळ्यांत बसलेली वस्तू मानतो आणि त्यामागच्या ओढीचा विचार करत नाही.

उत्तरकसबा

माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून चेहरे ओळखता येत नाहीत. तो आवाजावरून, चालण्यावरून, चष्म्यावरून माणसे ओळखतो. लग्नकार्यात जवळच्या नातेवाइकांना ओळख न दाखवता पुढे गेला म्हणून त्याला उद्धट ठरवले गेले आहे, आणि शाळेत तर त्याला लक्ष नसलेला मुलगा म्हणूनच वाढवले. वरच्या चर्चेवरून मनात आले की त्याने अधिक लक्ष दिले तर हे सुधारेल का?

पार्कचौक

ताई, आपल्या भावाला कृपया हे सांगा की हा त्याच्या लक्षाचा दोष नाही. ज्याला प्रोसोपॅग्नोसिया म्हणतात ती ही अवस्था असण्याची शक्यता दिसते. जर्मन मेंदूतज्ज्ञ योआखिम बोडामर यांनी १९४७ मध्ये डोक्याला इजा झालेल्या रुग्णांच्या संदर्भात हे नाव दिले, परंतु कोणतीही इजा नसताना जन्मापासून अशी अवस्था असणारी माणसेही पुष्कळ आहेत. शंभरात साधारण दोघे, असा अंदाज अनेक अभ्यासांत आला आहे, आणि ती एकाच कुटुंबात अनेकांना असल्याचेही आढळते. अशा माणसांची नजर चांगली असते, बुद्धी चांगली असते, समोर चेहरा आहे हेही त्यांना कळते. तो कुणाचा, हे मात्र कळत नाही.

लक्ष उपलब्ध यंत्रणेला बळ देऊ शकते, पण नसलेली यंत्रणा उभी करू शकत नाही. आपला भाऊ आवाज आणि चाल यांकडे जे लक्ष देतो ते सामान्य माणसापेक्षा कितीतरी अधिक आहे. नातेवाइकांना एकदा स्पष्ट सांगून टाकावे आणि त्याला भेटताना त्यांनी स्वतःचे नाव आधी सांगावे, इतकी साधी गोष्ट त्याच्या मनावरचा मोठा भार उतरवील. शक्य झाल्यास चेतामानसशास्त्राच्या जाणकारांकडून तपासणीही करून घ्यावी.

उत्तरकसबा

मनापासून आभार. हे उत्तर मी त्याला आणि आईलाही वाचून दाखवणार आहे.

जुळेसोलापूर

मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गात घरी मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारी मुले आहेत, आणि काहींच्या घरात ती वाचायला शिकणारी पहिलीच पिढी आहे. वाचायला शिकले की मेंदूतली चेहऱ्यांची जागा अक्षरे बळकावतात, असे मी कुठेतरी वाचले होते. हे खरे आहे का?

पार्कचौक

स्तानिस्लास दहेन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये निरक्षर, प्रौढपणी साक्षर झालेली आणि लहानपणी शाळेत गेलेली माणसे यांची तुलना केली. साक्षरतेबरोबर डाव्या फ्युझिफॉर्म भागात अक्षरांचा प्रतिसाद वाढत गेला, आणि त्या ठिकाणी चेहऱ्यांचा प्रतिसाद किंचित घटला. आपण वाचलेली गोष्ट यावरून पसरली असावी.

परंतु २०१९ मध्ये अलेक्सिस हर्व्हे-अडेलमन, फाल्क ह्युटिग आणि भारतीय सहकाऱ्यांनी लखनौजवळच्या खेड्यांमधल्या नव्वदहून अधिक प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत निरक्षर आणि साक्षर दोन्ही होते, आणि काही निरक्षरांना सहा महिने देवनागरी शिकवण्यात आली. वाचनाने दृष्टिकेंद्राचा अक्षरांना मिळणारा प्रतिसाद वाढला, पण चेहऱ्यांचा किंवा इतर वस्तूंचा प्रतिसाद त्यामुळे कमी झाल्याचे आढळले नाही. आपली लिपी आणि आपल्याच देशातली माणसे असल्याने मला हे काम अधिक जवळचे वाटते. मुलांना निःशंक मनाने वाचायला शिकवावे.

लहानपणी काय पाहिले यावर मेंदूची जडणघडण अवलंबून असते, याचा याहून थेट पुरावा माकडांवरच्या एका प्रयोगात आहे. मायकेल आर्कारो, मार्गारेट लिव्हिंगस्टन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की जन्मापासून एकही चेहरा पाहू न दिलेल्या माकडांत चेहऱ्यांचे ठिपके तयारच झाले नाहीत. हातांना प्रतिसाद देणारे भाग मात्र नेहमीप्रमाणे घडले, आणि ती माकडे पुढेही चेहऱ्यांपेक्षा हातांकडे अधिक पाहत राहिली.

प्रश्नचिन्ह

मग जन्मांध माणसांत चेहराक्षेत्र नसायलाच हवे.

पार्कचौक

तर्क बिनचूक आहे, आणि म्हणूनच २०२० चा एक निकाल विचारात पाडणारा आहे. रतन मूर्ती, कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी जन्मांध व्यक्तींना त्रिमितीय छपाईने बनवलेले चेहरे हातांनी चाचपायला दिले, आणि डोळस माणसांत जिथे चेहराक्षेत्र असते त्याच परिसरात त्यांच्याही मेंदूत चेहऱ्यांना निवडक प्रतिसाद मिळाला. म्हणजे दृष्टीचा अनुभव नसतानाही ही व्यवस्था उभी राहू शकते. मेंदूच्या इतर भागांशी असलेली तिची जोडणी आधीच ठरलेली असावी, असा एक विचार आहे. माकडांच्या आणि जन्मांधांच्या निकालांची संगती अजून पूर्णपणे लागलेली नाही, आणि ती ओढूनताणून लावू नये. जन्मांधांना दृष्टी नसली तरी आयुष्यभर माणसांचा सहवास, त्यांचे आवाज आणि स्पर्श मिळालेले असतात, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

बाळीवेस

मला व्यवहारातला प्रश्न विचारायचा आहे. संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वेळी आम्ही काही स्वयंसेवक हरवलेली मुले शोधायला मदत करतो. आईवडील मोबाइलवर मुलाचा एक फोटो दाखवतात आणि आम्ही गर्दीत पांगतो. कितीही मनापासून पाहिले तरी मूल समोरून गेले आणि आपल्याला कळले नाही, असे होत असेल का? आणि तसे असेल तर काय बदलावे?

पार्कचौक

अण्णा, होत असेल, आणि त्यात तुमच्या निष्ठेची उणीव नाही.

ओळखीचा चेहरा आणि अनोळखी चेहरा ही मेंदूच्या दृष्टीने जवळजवळ दोन वेगळी कामे आहेत. व्हिकी ब्रूस आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये लोकांना एका अनोळखी माणसाचा स्पष्ट फोटो आणि त्याखाली दहा चेहरे दाखवले. वेळेचे बंधन नव्हते, कशाची आठवण ठेवायची नव्हती, तरी सुमारे ७० टक्केच उत्तरे बरोबर आली. २०१४ मध्ये डेव्हिड व्हाइट आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाच्या पासपोर्ट अधिकाऱ्यांची परीक्षा घेतली, तेव्हा दुसऱ्याच माणसाचा फोटो असलेली १४ टक्के प्रकरणे त्यांनी योग्य म्हणून स्वीकारली. रोज हेच काम करणाऱ्यांची ही स्थिती असेल, तर एका फोटोवरून गर्दीत अनोळखी मूल शोधणे किती अवघड आहे याची कल्पना येईल.

दुसरी गोष्ट शोधाच्या हेतूची. मारियस पेलेन आणि सबिने कास्टनर यांनी २००९ मध्ये रस्त्यांची छायाचित्रे क्षणभर दाखवून लोकांना कधी माणसे तर कधी मोटारी शोधायला सांगितल्या. जे शोधायचे होते त्याचा ठसा, ते नजरेच्या अपेक्षित जागेबाहेर असले तरी, मेंदूत उमटला. जे शोधायचे नव्हते त्याचा मात्र ते अपेक्षित जागी असूनही उमटला नाही. त्यामुळे स्वयंसेवकांना 'नीट लक्ष ठेवा' असे सांगून भागत नाही. कशावर लक्ष ठेवायचे ते ठरवून द्यावे लागते. सदऱ्याचा रंग, टोपी, मुलाची उंची ही खूण गर्दीतून वेगळी निघते, म्हणून शोध तिच्यावरून करावा आणि चेहरा पडताळणीसाठी ठेवावा. दोन मुले हरवली असतील तर दोन्हींचा शोध एकाच स्वयंसेवकाला देऊ नये. ताणाबाणा ताईंच्या मुकादमांचाच नियम इथेही लागू पडतो.

बाळीवेस

समजले. फोटो एक घ्यावा की अधिक? आणि मैदानावर कॅमेरे असतात, त्यांच्या पडद्यासमोर कुणाला बसवावे?

पार्कचौक

फोटो वेगवेगळ्या प्रकाशातले, वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेले, शक्य तितके घ्यावेत. एकाच व्यक्तीचे अनेक फोटो पाहिल्याने अनोळखी चेहऱ्याची जुळणी सुधारते, हे प्रयोगांत दिसले आहे. एकच फोटो त्या क्षणाचा प्रकाश आणि भावच अधिक दाखवतो.

कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर घरच्या माणसाला बसवावे. माइक बर्टन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अगदी निकृष्ट दर्जाच्या सुरक्षा कॅमेऱ्याच्या चित्रणावर लोकांची परीक्षा घेतली. चित्रणातली माणसे ज्यांच्या परिचयाची होती त्यांनी ती फार चांगली ओळखली. ज्यांच्या परिचयाची नव्हती त्यांची कामगिरी खूपच कमी राहिली, आणि ओळख पटवण्याचा अनुभव असलेले पोलीसही त्याला अपवाद ठरले नाहीत. म्हणून आई किंवा वडील यांच्यापैकी एकाने स्वयंसेवकांबरोबर गर्दीत फिरावे आणि दुसऱ्याने, नाहीतर थोरल्या भावंडाने, पडद्यासमोर बसावे. आजवर बहुधा दोघांनाही मंडपात थांबवून अनोळखी माणसांना शोधायला पाठवले जाते, ते बदलावे. येत्या यात्रेपूर्वी स्वयंसेवकांची बैठक होणार असेल तर मला कळवावे. जोडचित्रे आणि अनोळखी चेहऱ्यांची जुळणी असे दोन्ही प्रयोग मी तिथे सर्वांना करून दाखवीन.